जुन्या फटफटीची कटकट

हिमायतनगरच्या ज्या गल्लीत आम्ही राहतो, तेथे सकाळी कोणती गाडी कोणाची हे खिडकीतून न डोकावताही सांगता येते. माझ्या गाडीचा आवाज ऐकून शेजारी मुलांना शाळेची वेळ झाल्याचे सांगतात. यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे मी कधी विचारलेले नाही. ही गाडी म्हणजे माझ्या जन्मापूर्वी वडिलांनी घेतलेली ३५० सी.सी.ची बुलेट. मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनी यांनी १९५५ साली एन्फील्ड इंडिया ही कंपनी काढली, आणि पुढे मद्रासजवळ तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात या गाड्या अनेक वर्षे जवळजवळ त्याच नमुन्याच्या बनत राहिल्या. त्यामुळे मी आज जे सांगणार आहे, ते लोखंडी इंजिनाची, उजव्या पायाने गिअर बदलण्याची जुनी बुलेट ज्यांच्या दारात आहे, त्या सर्वांना थोडेफार लागू पडेल. ज्यांच्याकडे दुसऱ्या जातीची जुनी फटफटी आहे, त्यांनी आकडे सोडून द्यावेत आणि रीत तेवढी घ्यावी.

काही वर्षांपूर्वी या गाडीतून एक नवाच आवाज येऊ लागला. सावकाश जाताना, विशेषतः चढावर, डाव्या बाजूने 'कट्' असा ठोका पडे; थोडा वेळ शांतता, की पुन्हा 'कट्'. मी प्रथम जेथे गेलो, तेथे क्लच खराब झाल्याचे सांगण्यात आले. क्लचच्या प्लेटी बदलल्या, पैसे दिले, घरी आलो. घराजवळच्या वळणावर पुन्हा 'कट्'. नंतर दुसऱ्या एका उस्तादांकडे गेलो. त्यांनी गाडी फूटभर पुढेमागे ढकलली, कान लावला आणि म्हणाले, "गिअरबॉक्स खोलना पडता, मास्टरसाब." शिक्षकाच्या पगारात गिअरबॉक्स उघडणे ही विचार करण्याची गोष्ट असते. मी दोन दिवस मागून घेतले आणि घरी येऊन, वर्गात मुलांना सांगतो तसे स्वतःला सांगितले, की आधी प्रश्न नीट मांड, उत्तराचे मग पाहू.

प्रश्न मांडायचा म्हणजे शक्ती इंजिनापासून चाकापर्यंत कोणत्या वाटेने जाते, हे पाहायचे. इंजिनाच्या दांड्यावर डाव्या बाजूला २५ दात्यांचे एक लहान चक्र असते. तेथून दुहेरी कड्यांची आखूड साखळी क्लचच्या ५६ दात्यांच्या चक्रावर जाते. इंजिनाचे सव्वादोन फेरे होतात, तेव्हा क्लचचा सुमारे एक होतो. क्लचमधून शक्ती गिअरबॉक्सच्या मुख्य दांड्याला मिळते. गिअरबॉक्समधून बाहेर निघालेल्या पुढच्या दंतचक्रावरून लांब साखळी मागच्या ३८ दात्यांच्या चक्रावर जाते. ते चक्र चाकाला थेट जखडलेले नसते. मधे रबराचे ठोकळे असतात आणि त्यांच्यामार्फत धक्का मऊ होऊन चाकाला पोचतो. एवढीच ही वाट आहे, पण तिच्यावर अनेक मुक्काम आहेत. धातूच्या सांगाड्यातून आवाज इतका सहज वाहतो, की मागच्या मुक्कामावर पडलेला ठोका आपल्या पायाखालीच पडल्याचा भास होतो. माझी फसगत येथेच झाली होती.

तेव्हा नुसता कान लावण्याऐवजी एकेक मुक्काम वगळीत जावे. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालू ठेवून आवाज येतो का पाहावे. येत असेल, तर मागची साखळी आणि चाक यांना तूर्त निर्दोष धरावे, कारण ती फिरतच नाहीत. मग क्लचची मूठ दाबावी. मूठ दाबताच आवाज थांबला, तर संशय गिअरबॉक्सच्या आतील बेअरिंगांवर जातो. उलट मूठ दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लच उचलणारी यंत्रणा तपासावी. मूठ दाबा, सोडा, फरक काहीच पडत नाही आणि डावीकडे सैल खुळखुळ ऐकू येते, असे असेल तर ती बहुधा पुढच्या आखूड साखळीची असते.

यानंतरची चाचणी मोकळ्या रस्त्यावर करावयाची. गाडी थोड्या वेगात आली, की क्लच दाबून ती आपोआप घरंगळू द्यावी. इंजिन मंद झाले, तरी ठोका गाडीच्या वेगाबरोबरच पडत राहिला, तर दोष क्लचच्या पुढच्या भागात, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत कोठेतरी आहे. माझ्या गाडीत ठोका चालूच राहिला. क्लचच्या प्लेटींवर खर्च केलेले पैसे फुकट गेले, हे मला तेव्हाच समजले. जुन्या प्लेटी मी कपाटात ठेवल्या होत्या. काढून पाहिल्या, तर त्या अजून चांगल्या जाड होत्या.

आता गिअरबॉक्स. या गाडीचा गिअरबॉक्स इंग्लंडमधील अॅल्बियन कंपनीच्या नमुन्याचा, चार गिअरचा आहे, आणि त्याच्या रचनेतील एक गोष्ट निदानाच्या कामी फार येते. पहिल्या तीन गिअरांत शक्ती मुख्य दांड्यावरून खालच्या दांड्यावर उतरते व पुन्हा वर येते. चौथ्यात मात्र मुख्य दांडा आणि पुढच्या दंतचक्राचा दांडा एकमेकांत अडकतात व शक्ती सरळ निघून जाते. खालचा दांडा तेव्हाही फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. म्हणून जो आवाज पहिल्या तीन गिअरांत येतो व चौथ्यात जवळजवळ नाहीसा होतो, तो खालच्या दांड्याचा किंवा त्यावरील दात्यांचा असण्याचा संभव मोठा. जो एकाच गिअरमध्ये येतो, तो त्या गिअरच्या जोडीचा. आणि जो चारही गिअरांत सारखाच येतो, त्याच्यासाठी गिअरबॉक्स उघडण्याची घाई करू नये. माझा ठोका चारही गिअरांत होता.

गिअरबॉक्सविषयी आणखी थोडे सांगून टाकतो. गिअर निसटून मधेच न्यूट्रल येणे हा या जुन्या बुलेटचा प्रसिद्ध आजार आहे, आणि पुष्कळ लोक त्याचा अर्थ दाते झिजले असा करतात. कधीकधी तसे असतेही. परंतु बाहेरच्या झाकणाआड पायाच्या खटक्याची हालचाल जुळवून घेण्यासाठी एक पट्टी असते. तिचे दोन बोल्ट सैल करून ती किंचित फिरवली, की वर जाताना व खाली येताना खटका सारखा बसतो आणि निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात. वंगणाची पातळीही पाहावी. या गिअरबॉक्समध्ये पूर्वी पातळ ग्रीस घालण्याची पद्धत होती. आता बरेच जण घट्ट गिअर ऑइल घालतात आणि मग ते गळते म्हणून घालायचेच विसरतात. गळणारी गाडी निदान आपल्यात तेल असल्याचे सांगत असते. जिचे गळणे आपोआप थांबले, तिची मला अधिक काळजी वाटते.

माझा शोध आता दोनच जागांवर येऊन ठेपला होता: मागची साखळी आणि चाक. येथे मी शाळेतला खडू बाहेर काढला.

गाडी मधल्या स्टँडवर उभी केली, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. टायरवर एक खूण केली आणि साखळीच्या एका कडीवर दुसरी. मग चाक हाताने सावकाश फिरवू लागलो. गणित सोपे आहे. मागच्या चक्राला ३८ दाते आणि साखळीत साधारण नव्वद ते शंभर कड्या. म्हणजे साखळीचा एक पूर्ण फेरा व्हायला चाकाचे सुमारे अडीच फेरे व्हावे लागतात. दोष चाकात किंवा मागच्या चक्रात असेल, तर तो चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा दिसेल. पुढच्या लहान चक्रात असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात दोनपेक्षा अधिक वेळा दिसेल. आणि साखळीच्या एखाद्या कडीत असेल, तर अडीच फेऱ्यांनी एकदा. माझे चाक एका जागी जरा जड होई, पुढे 'कट्' आणि पुन्हा हलके. टायरवरची खूण त्या वेळी कधी वर असे, कधी खाली. साखळीवरची खूण मात्र दर वेळी मागच्या चक्राशी एकाच ठिकाणी येई. मुलाने बाजूला बसून फेरे मोजले. अडीच.

खुणेजवळच्या कड्या मी पकडीने वाकवून पाहिल्या. चार कड्या गंजून आखडल्या होत्या; दात्यांवरून वळताना त्या वाकत, पण पुढे सरळ होत नसत आणि पुढच्या चक्रावर चढताना ठोका देत. गंज कोठून आला तेही आठवले. १३ ऑक्टोबर २०२० रोजी हैदराबादेत जी अतिवृष्टी झाली, त्या रात्री आमच्या गल्लीत गाडीच्या आसापर्यंत पाणी उभे होते. पाणी ओसरल्यावर मी इंजिनाचे तेल बदलले, आखूड साखळीच्या पेटीतले तेल चहासारखे दुधट झालेले पाहून तेही काढून टाकले आणि फार शहाणपणा केल्याच्या समाधानात राहिलो. मागच्या साखळीला मात्र वरवर फडका मारला, एवढेच. पाणी बाहेरून पुसले जाते. पिन आणि बुश यांच्या मधे जे शिरले, ते तेथेच राहते.

येथे साखळीची रचना सांगणे अवश्य आहे. हॅन्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस यंत्रज्ञाने १८८० साली मँचेस्टर येथे पिन, तिच्यावर बुश आणि बुशवर फिरणारा रोलर अशा साखळीचे पेटंट घेतले, आणि आपल्या सायकलींच्या व फटफटींच्या साखळ्या अजून मुख्यतः त्याच घडणीच्या आहेत. साखळी ताणली असे आपण म्हणतो, पण पोलादी पट्ट्या रबरासारख्या ताणत नाहीत. प्रत्येक पिन आपल्या बुशमध्ये केसभर झिजते आणि शंभर केसांची मिळून बोटभर लांबी वाढते. म्हणून वंगण बाहेरच्या बाजूला चोपडून उपयोग नाही. ते पट्ट्यांच्या फटींतून आत, पिनपर्यंत उतरले पाहिजे. साखळी गरम असताना, म्हणजे गाडी फिरवून आणल्यावर, खालच्या पदराच्या आतील बाजूवर तेल सोडले तर ते चांगले आत जाते. इंजिनाचे काळे जुने तेल घालण्याची सवय मात्र सोडावी. त्यात धातूची कीस असते.

झीज मोजण्यासाठी दुकानी उपकरण नको. बुलेटच्या मागच्या साखळीत दोन लगतच्या पिनांमधील अंतर ५/८ इंच असते, म्हणून १६ कड्यांची लांबी बरोबर १० इंच, अर्थात २५४ मिलिमीटर भरली पाहिजे. साखळी ताठ धरून पट्टीने मोजावी. लांबी दोन टक्क्यांनी वाढली, म्हणजे सुमारे २५९ मिलिमीटर झाली, की ती साखळी टाकून द्यावी. माझी साडेदहा इंचांना थोडी कमी, म्हणजे सव्वादहा इंच भरली. चार कड्या रॉकेलमध्ये भिजवून मोकळ्या करण्याचा माझा बेत तेथेच संपला.

नवी साखळी जुन्या दात्यांवर चढवणे हा मात्र खोटा काटकसरीपणा होय. झिजलेल्या साखळीने दात्यांना आपल्या मापाने कोरलेले असते. दात्याचे टोक समुद्राच्या लाटेसारखे एका बाजूला वळलेले दिसले, की ते चक्र गेले असे समजावे. ते नव्या साखळीलाही थोड्याच दिवसांत जुनी करते. जुन्या बुलेटच्या मालकाला यात दोन अडचणी आहेत. पुढचे चक्र आखूड साखळीच्या पेटीमागे दडलेले असल्याने ते काढण्यासाठी क्लचसकट सगळा डावा पसारा उतरवावा लागतो. आणि मागचे चक्र व ब्रेकचा ड्रम हे एकाच ओतिवाचे असतात. दाते गेले म्हणजे ड्रमही गेला. साखळीला वेळेवर तेल न घालण्याची किंमत ती अशी वसूल करते. मी राणीगंजला जाऊन साखळी, पुढचे चक्र व ड्रम तिन्ही एकदमच घेतले. बसवण्याचे काम उस्तादांकडेच दिले, कारण क्लच खोलण्याची खास हत्यारे माझ्याजवळ नाहीत. दोषाचा पत्ता आता मला ठाऊक असल्यामुळे गिअरबॉक्सचा विषय त्यांनीही काढला नाही. खडूचा प्रकार ऐकून मात्र ते हसले आणि दुसऱ्या एका गाडीवर त्यांनी तो लगेच करून पाहिला.

पेटी उघडलीच होती, म्हणून आखूड साखळीही पाहून घेतली. या गाडीचा गिअरबॉक्स इंजिनाला घट्ट जोडलेला असल्याने तो सरकवून ती साखळी ताणता येत नाही. तिच्याखाली एक वक्र पट्टी असते, ती स्क्रूने वर उचलायची. साखळी दोनचार ठिकाणी फिरवून पाहावी आणि जेथे ती सर्वांत ताठ असेल, तेथे सुमारे पाव इंच खालीवर हालली पाहिजे. त्याहून ताठ ठेवली, तर आवाज बंद होतो खरा, पण इंजिनाच्या व गिअरबॉक्सच्या बेअरिंगांवर तो ताण जातो. त्या पेटीत मोटारीसाठी बनवलेले अति निसरडे तेल घातल्यासही एक संकट येते: क्लच घसरू लागतो. चौथ्या गिअरमध्ये नौबत पहाडासारख्या चढावर मूठ पिळली असता इंजिन ओरडते आणि गाडी मात्र तेवढी वेग घेत नाही, हे क्लच घसरण्याचे लक्षण. तेव्हाही प्लेटी बदलण्यापूर्वी क्लचच्या मुठीला दोन-तीन मिलिमीटर मोकळी हालचाल आहे का, ते पाहावे. केबल अगदी ताठ असेल, तर क्लच सदैव अर्धवट दाबलेला राहतो, आणि या दोषावरचा खर्च एका पान्याच्या दोन फेऱ्यांइतकाच असतो. याच्या उलट, सकाळी पहिला गिअर टाकताच गाडी झटका देऊन पुढे जात असेल, तर प्लेटी रात्रभर तेलाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. इंजिन चालू करण्यापूर्वी क्लच दाबून दोनतीन किक माराव्यात, त्या सुटतात. माझे वडील हे रोज करीत. मला लहानपणी ते गाडीची प्रार्थना करीत आहेत असे वाटे.

आता एक गोष्ट मी मुद्दाम थांबून सांगणार आहे. साखळी साफ करताना इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरत ठेवण्याची आणि साखळीला फडका धरण्याची पद्धत फार दिसते. काम झटपट होते, यात शंका नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने असेच केले. फडक्याचे टोक दात्यात अडकले, फडक्याबरोबर हात आत गेला आणि उजव्या तर्जनीचे पेर चक्र आणि साखळी यांच्या मधे राहिले. तो चांगली चित्रे काढीत असे. आता डाव्या हाताने शिकतो आहे. वाटेत तुटलेल्या साखळीनेही असाच घात होतो. ती पुढच्या चक्राभोवती गोळा होऊन मागचे चाक एकदम जखडू शकते. म्हणून साखळीचे काम नेहमी इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवून करावे. त्यात दहा मिनिटे जास्त जातात.

साखळी जोडताना तिच्या कुलपाची चिमटी पाहावी. या चिमटीचे एक तोंड बंद व दुसरे उघडे असते. साखळी ज्या दिशेने धावते, त्या दिशेला बंद तोंड असले पाहिजे. उलटी बसली, तर एखाद्या आघाताने चिमटी उडते. नंतर ताण. मधल्या भागात साखळी सुमारे एक इंच खालीवर व्हावी, पण हे माप गाडीवर माणूस बसवून, आणि साखळी सर्वांत ताठ असेल त्या जागी घ्यावे. माणूस बसल्यावर मागचे चाक वर दबते आणि साखळी अधिक ताठ होते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेले माप रस्त्यावर बरोबर राहतेच असे नाही. बुलेटच्या मागच्या आसावर दोन्ही बाजूंना शंखाकृती चकत्या असतात. त्या दोन्ही सारख्याच खाचेवर ठेवल्या म्हणजे चाक सरळ राहते. एकच चकती फिरवली, तर साखळी दात्यांच्या एका गालाला घासू लागते आणि दात्यांच्या बाजूवर चकाकणारी रेघ उमटते. तशी रेघ दिसली, तर दोरा धरून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, ते पाहावे.

रबराच्या ठोकळ्यांचीही परीक्षा याच वेळी होते. गिअर टाकून ठेवावा आणि चाक हाताने पुढेमागे हालवावे. पुढचे चक्र न हलता चाक बोटभर डुलले, तर ठोकळे चेपलेले आहेत. ते स्वस्त आहेत, पण त्यांच्या अभावी प्रत्येक धक्का थेट साखळीवर बसतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याच्या, १९९६ पर्यंत बनत असलेल्या येझ्दी गाडीत साखळी पूर्ण झाकलेली असे. ती धुळीपासून वाचे, परंतु तीच साखळी मालकाच्या डोळ्यांआड राहिल्याने तिला तेल मिळते न मिळते. येझ्दीवाल्यांनी झाकण वर्षातून दोनदा तरी उघडावे.

चाक मागे सरकवल्यामुळे ब्रेकची सळई ताठ होते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. घरून निघालो आणि पहिल्याच वळणावर ड्रम तापल्याचा वास आला. उतरून ब्रेकचा नट चार फेरे सैल केला. त्यानंतर टँक बंडपर्यंत जाऊन आलो. आवाज नव्हता. नवी साखळी पहिल्या काही दिवसांत थोडी सैल पडते, म्हणून तीनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा ताण पाहिला आणि दोन्ही बाजूंच्या चकत्या एकेक खाच पुढे घेतल्या. ब्रेकची सळई या वेळी विसरलो नाही.